चुकीची किंमत मोठी, म्हणून संधी लहान: जॅरड ब्रॅन्थवेट कसा घडला

फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूने चार संधी वाया घालवल्या आणि पाचवीवर गोल केला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो त्याचाच येतो. मधल्या बचावपटूचा, म्हणजे सेंटर-बॅकचा, हिशेब उलटा असतो. एकोणनव्वद मिनिटं सगळं अचूक केलं आणि नव्वदाव्या मिनिटाला एक पाऊल चुकलं, तर लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. त्याच्या मागे गोलरक्षकाखेरीज कुणी नसतं. त्यामुळे अठरा वर्षांच्या विंगरला मैदानात उतरवताना प्रशिक्षक फारसे कचरत नाहीत, पण त्याच वयाच्या सेंटर-बॅकच्या बाबतीत दहादा विचार करतात. आणि खऱ्या सामन्यांत खेळल्याशिवाय सेंटर-बॅक तर तयार होत नाही. मग त्याला चुका करण्याइतकी मिनिटं द्यायची कुणी? इंग्लंडमधल्या तरुण बचावपटूची कारकीर्द समजून घ्यायची तर हा प्रश्न हातात धरूनच चालावं लागतं. एव्हर्टनच्या जॅरड ब्रॅन्थवेटच्या वाटेवर त्याची जवळजवळ सगळी उत्तरं सापडतात.

ब्रॅन्थवेटचा जन्म २७ जून २००२ चा, कार्लाइलमधला. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, स्कॉटलंडच्या सीमेला लागून हे शहर आहे. तिथला क्लब कार्लाइल युनायटेड. ब्रॅन्थवेट तिथून व्यावसायिक झाला तेव्हा हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या स्तरावर, म्हणजे लीग टूमध्ये खेळत होता.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लबच्या अकादमीत मुलांची नोंदणी नऊ वर्षांखालील गटापासून सुरू होते. २०१२ मध्ये या अकादम्यांची नवी रचना झाली आणि सुविधा, प्रशिक्षक, खर्च यांवरून त्यांच्या चार श्रेणी ठरल्या. सोळाव्या वर्षी मोठी चाळणी लागते. त्यातून जे टिकतात त्यांना साधारण दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते. मानधन थोडं, आणि सरावाबरोबर शिक्षणही चालू. पहिला व्यावसायिक करार सतरावं वर्ष पूर्ण झाल्यावरच करता येतो. या वाटेवर बहुसंख्य मुलं गळतात. या रचनेत एका क्लबमधला मुलगा दुसऱ्या क्लबने नेला, तर भरपाई किती द्यायची याचे दरही ठरवून दिले गेले. लहान क्लबांना ते दर फार तोकडे वाटले. ब्रेंटफर्डने तर २०१६ मध्ये आपली अकादमीच बंद केली आणि पुढे २०२२ मध्ये पुन्हा उघडली.

मोठ्या अकादमीतल्या मुलाला हिरवीगार मैदानं मिळतात, आहारतज्ज्ञ मिळतो, पण मोठ्यांचे सामने मिळत नाहीत. तो आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळत राहतो आणि त्या सामन्यांच्या निकालावर कुणाची नोकरी अवलंबून नसते. कार्लाइलमध्ये परिस्थिती वेगळी होती. मोठ्या संघाला खेळाडूंची गरज होती आणि सतरा वर्षांचा, सहा फुटांहून बराच उंच मुलगा हाताशी होता. २०१९-२० च्या हंगामात त्याला संधी मिळाली. चौथ्या स्तरावरचा फुटबॉल अंगावर येणारा असतो. चेंडू उंच आणि लांब येतो, समोर तिशी ओलांडलेला, खांद्याने जागा करून घेणारा स्ट्रायकर असतो. सामना हरला तर तीन गुण जातात आणि लीगमधलं स्थान धोक्यात येतं. त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले, पण तेवढ्यावरून एव्हर्टनने त्याला हेरलं. जानेवारी २०२० मध्ये, बातम्यांनुसार दहा लाख पौंडांच्या आसपास रकमेत, तो लिव्हरपूल शहरातल्या या जुन्या क्लबमध्ये आला. तेव्हा एव्हर्टनचे प्रशिक्षक होते कार्लो आन्चेलोत्ती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनीच त्याला प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा मैदानात उतरवलं.

एव्हर्टनला त्याच्यात काय दिसलं असेल? उंची तर होतीच, सुमारे १.९५ मीटर. पण उंच बचावपटू पुष्कळ मिळतात. ब्रॅन्थवेट डाव्या पायाने खेळतो, आणि डाव्या बाजूला डाव्या पायाचा सेंटर-बॅक मिळणं फार दुर्मीळ. त्या जागी उजव्या पायाचा खेळाडू उभा असला की गोलरक्षकाकडून आलेला चेंडू तो सहज उजव्या पायावर घेतो. मग त्याचं अंग मैदानाच्या मधोमध वळतं, जिथे विरोधी खेळाडूंची गर्दी असते. डाव्या कडेला पास द्यायचा तर चेंडू दुसऱ्या पायावर घ्यावा लागतो. तेवढ्यात दबाव टाकणारा आघाडीपटू दोन पावलं जवळ येतो. डाव्या पायाचा बचावपटू तोच चेंडू बाहेरच्या पायावर घेतो. त्याला समोरचं सगळं मैदान दिसतं आणि कडेला सरळ पास जातो. वाचताना फरक एका स्पर्शाचा वाटतो, पण हल्ली बहुतेक संघ आक्रमणाची सुरुवात मागून करतात, त्यामुळे तो स्पर्श सामन्यात पन्नासदा वाचतो.

चेंडू जवळ नसताना सेंटर-बॅक काय करतो, हे टीव्हीवर क्वचितच दिसतं, आणि खरी विद्या तीच आहे. विरोधी संघाच्या मधल्या खेळाडूकडे चेंडू आहे असं धरा. त्याच्यावर दबाव असेल, मान खाली असेल, तर तो लांब पास देऊ शकत नाही. अशा वेळी बचावाची सगळी रांग पुढे सरकते आणि आघाडीपटू ऑफसाइडमध्ये अडकतात. त्याने मान वर केली, मारण्यासाठी पाय मागे नेला, की त्या क्षणी रांगेने मागे हटायला सुरुवात करायची, कारण आता चेंडू डोक्यावरून येणार. हा निर्णय चौघांनी एकाच वेळी घ्यावा लागतो. तिघे पुढे आणि एक मागे राहिला, तर त्या एकामुळे आघाडीपटू नियमात बसतो. शिवाय चेंडूकडे पाहता पाहता दर काही क्षणांनी खांद्यावरून मागे नजर टाकायची, आणि अंग अर्धवट वळवून उभं राहायचं, म्हणजे पळावं लागलं तर वळण्यात वेळ जात नाही. फळ्यावर हे सगळं तासाभरात समजावता येतं. पायात भिनायला मात्र शेकडो सामने लागतात, कारण प्रत्येक स्ट्रायकर वेगळ्या प्रकारे फसवतो.

एव्हर्टनकडे तेवढे सामने देण्याइतकी मोकळीक नव्हती. मग आला लोनचा मार्ग. करार मूळ क्लबकडेच राहतो, खेळाडू ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडून खेळतो आणि पगाराची वाटणी दोन क्लब आपसांत ठरवतात. जानेवारी २०२१ मध्ये ब्रॅन्थवेट दुसऱ्या स्तरावरच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. तिथून परतल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये चेल्सीच्या मैदानावर त्याने बरोबरी साधणारा गोल केला. त्याचा एव्हर्टनसाठीचा तो पहिलाच गोल. आता त्याचं बस्तान बसेल असं वाटत होतं.

१५ मे २०२२ ला ते बिनसलं. एव्हर्टन प्रीमियर लीगमधून खाली जाण्याच्या उंबरठ्यावर होता. घरच्या गुडिसन पार्कवर ब्रेंटफर्डविरुद्ध संघ १-० ने पुढे असताना, अठराव्या मिनिटाला ब्रॅन्थवेटने त्यांचा आघाडीपटू आयव्हन टोनी याला पाडलं आणि पंचांनी लाल कार्ड दाखवलं. तो बाहेर गेला, आणि एव्हर्टन २-३ ने हरला. चार दिवसांनी क्रिस्टल पॅलेसला ३-२ असं हरवून संघ तरला, नाहीतर त्या एका कार्डाची चर्चा वर्षानुवर्षं झाली असती.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला वेम्ब्लीवर दुसऱ्या एका तरुण, डाव्या पायाच्या इंग्लिश सेंटर-बॅकवरही अशीच वेळ आली. चेल्सीचा लिव्हाय कोलविल तेव्हा लोनवर हडर्सफील्डकडून खेळत होता. प्रीमियर लीगमध्ये कोण जाणार हे ठरवणाऱ्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात त्याच्याकडून स्वयंगोल झाला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट १-० ने जिंकला. कोलविलला पुढच्या हंगामात ब्रायटनने लोनवर घेतलं, ब्रॅन्थवेट नेदरलँड्सला पीएसव्ही आइंडहोव्हनकडे गेला. त्या चुकांनंतरही दोन चांगल्या क्लबांनी त्यांना आपल्या बचावात उभं केलं, ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. जुलै २०२३ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला इंग्लंडने स्पेनला १-० ने हरवून एकवीस वर्षांखालचा युरोपीय चषक जिंकला, तोही स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. दोघेही त्या संघात होते.

पीएसव्हीमध्ये प्रशिक्षक होते रूड व्हॅन निस्टलरॉय, स्वतः एके काळचे निष्णात आघाडीपटू. बचावपटूला शिकवायला आघाडीपटूइतका चांगला मास्तर नाही असं मी मानतो. कोणती जागा हवीहवीशी वाटते हे त्यालाच ठाऊक असतं. पीएसव्हीसारख्या डच क्लबकडे चेंडू बहुतेक वेळ आपल्याच ताब्यात असतो, त्यामुळे बचावाची रांग मध्यरेषेजवळ उभी राहते आणि पाठीमागे मोठी मोकळी जागा पडते. कार्लाइलमध्ये डोक्याने चेंडू परतवणारा मुलगा इथे ती जागा राखायला शिकला. त्या हंगामात पीएसव्हीने डच चषक जिंकला.

२०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे तेव्हाचे प्रशिक्षक शॉन डाइच यांनी त्याला नियमित खेळवलं. शेजारी जेम्स टारकोव्स्की होता. ओल्डहॅमपासून एकेक स्तर चढत वर आलेला, अनुभवी आणि मैदानभर ओरडून रांग लावणारा. तरुण सेंटर-बॅकला असा जोडीदार मिळणं फार मोलाचं. आर्थिक नियम मोडल्याबद्दल त्या हंगामात एव्हर्टनचे एकूण आठ गुण कापले गेले, तरी संघ पंधराव्या क्रमांकावर राहिला. कारण बचावात आहे: ३८ सामन्यांत फक्त ५१ गोल स्वीकारले, आणि त्याहून कमी गोल फक्त आर्सेनल, मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांनीच स्वीकारले होते. २४ एप्रिल २०२४ ला लिव्हरपूलविरुद्धचा २-० असा विजयही याच हंगामातला. गुडिसनवर शेजाऱ्यांना हरवण्याची ती २०१० नंतरची पहिलीच वेळ, आणि पहिला गोल ब्रॅन्थवेटचा. ३ जूनला तो बॉस्नियाविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला, पण युरो स्पर्धेच्या अंतिम संघात त्याला जागा मिळाली नाही.

त्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी बोली लावल्या आणि एव्हर्टनने त्या नाकारल्या. तरुण इंग्लिश बचावपटूची किंमत एवढी चढते त्यामागे नियमही आहेत. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत इंग्लंड-वेल्समध्ये न घडलेले जास्तीत जास्त १७ खेळाडू ठेवता येतात, म्हणून ‘होमग्रोन’ खेळाडूला मागणी असते. शिवाय खेळाडूची खरेदी किंमत हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. स्वस्तात घेतलेला खेळाडू काही वर्षांनी विकला, तर जवळजवळ सगळी रक्कम नफा धरली जाते. आर्थिक नियमांनी गांजलेल्या एव्हर्टनला हा मोह किती मोठा असेल! तरीही त्यांनी त्याला ठेवलं, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने २०३० पर्यंतचा नवा करार केला. मग शरीराने अडवलं. आदल्या वर्षी जांघेची शस्त्रक्रिया झाली होती. आता मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे एव्हर्टनचं नवं स्टेडियम सुरू झालं तेव्हा तो बाहेर होता, आणि पुढे त्यावरही शस्त्रक्रिया करावी लागली.

खेळाडू देशाबाहेरच्या क्लबला विकला गेला, तर फिफाच्या नियमाने रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पण एका इंग्लिश क्लबने दुसऱ्याला विकला, तर मूळ क्लबची भिस्त मुख्यतः जुन्या करारातल्या कलमांवर असते. पुढच्या विक्रीतला वाटा त्या वेळी मागून घेतला असेल तरच तो मिळतो. गरजेपोटी मुलगा विकणारा चौथ्या स्तरावरचा क्लब वाटाघाटीत किती ताणू शकणार? ब्रॅन्थवेटला मोठ्यांच्या सामन्यांतली पहिली मिनिटं देणारा कार्लाइल युनायटेड २०२५ मध्ये घसरून पाचव्या स्तरावर गेला. देशांतर्गत विक्रीतही घडवणाऱ्या क्लबला हक्काने टक्केवारी मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. सतरा वर्षांच्या सेंटर-बॅकला खऱ्या सामन्यात उभं करण्याची जोखीम आज प्रामुख्याने असेच क्लब उचलतात.