दोष सुनेचाच कशाला?

मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावलेले आम्ही अनेकदा ऐकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात १९७७ साली वेगळेच उघड झाले. तेथील कित्येक कामगारांना मुले होत नव्हती. तपासणीत पुरुषांच्याच वीर्यात शुक्रजंतू फार कमी किंवा मुळीच नाहीत असे आढळले. कारण होते डीबीसीपी, पिकाच्या मुळांवरील सूत्रकृमी मारण्याचे औषध. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतल्या मजुरांनाही तीच बाधा झाली. माणसे दिसायला मात्र धडधाकट होती.

सर्वच औषधे अशी नसतात. पण विष कातडीतूनही अंगात शिरते. म्हणून हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, वारा पाठीवर घेऊन औषध मारावे, ते कपडे वेगळे धुवावेत; गरोदर स्त्रीने त्यांना हात लावू नये. आणि मूल होत नसेल, तर नवरा-बायको दोघांनीही डॉक्टरांकडे जावे.