रेरा नंबर नाही म्हणजे फ्रॉड का? लातूर-नांदेडमधल्या छोट्या बिल्डिंगबद्दल

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून काढलाय. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत.

आजचा प्रश्न लातूरहून आलाय. एका श्रोत्याचे वडील औसा रोडकडे फ्लॅट बघतायत. तीन मजले, सहा फ्लॅट, खाली पार्किंग. बिल्डर म्हणतो, "आमच्या बिल्डिंगला रेरा लागतच नाही." हे खरं, की चुना लावतोय?

खरं असू शकतं. पण रेरा लागत नाही याचा अर्थ तुमच्यासाठी काय होतो, हे तो बिल्डर सांगणार नाही. ते आपण बघू.

रेरा कायदा संसदेने 2016 मध्ये केला आणि 1 मे 2017 पासून तो पूर्ण लागू झाला. महाराष्ट्रात त्याचं काम महारेरा बघतं. त्याआधी फ्लॅट घेणं म्हणजे ब्रोशरवर भरवसा ठेवणं होतं. 'सुपर बिल्ट-अप'च्या नावाखाली जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं तुमच्या चौरस फुटांत मोजलं जायचं. आता विक्री कार्पेट एरियावर करावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले 70 टक्के त्याच प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे नांदेडच्या बुकिंगचे पैसे उचलून दुसरीकडे जमीन घेता येत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाइल धरला की प्रोजेक्टची माहिती समोर.

आता ती अट. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे कायदा वाचतानाही माझं लक्ष आधी 'जर' आणि 'किंवा' या शब्दांवर जातं. कायद्याचं कलम 3 म्हणतं की जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे मिळून फ्लॅट 8 पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची गरज नाही. इथे 'आणि' नाही, 'किंवा' आहे. दोनपैकी एक अट बसली तरी बिल्डर मोकळा.

500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांच्या जरासं आत. पुण्या-मुंबईत हा आकडा किरकोळ वाटेल. पण लातूरचा अंबाजोगाई रोड, नांदेडचा तरोडा किंवा कौठा भाग डोळ्यांसमोर आणा. चार-पाच गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर सहा नाहीतर आठ फ्लॅट, दोन भाऊ पार्टनर आणि ओळखीतला ठेकेदार. आपल्याकडे अशा बिल्डिंगी गल्लोगल्ली दिसतात. दिल्लीत बसून कायदा लिहिताना जे अपवाद वाटतं, ते आपल्याकडे नेहमीचं असतं.

त्याहून छोटं स्वतःचं घर बांधत असाल तर दुसरा बदल लक्षात घ्या. डिसेंबर 2020 मध्ये राज्याने मुंबई आणि काही भाग सोडून सगळीकडे एकच बांधकाम नियमावली आणली, यूडीसीपीआर. त्याआधी जवळपास दर शहराची वेगळी होती. या नियमावलीनुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर काही अटींत घर बांधायचं असेल, तर पालिकेच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फत नकाशा आणि फी जमा करायची, पोच घ्यायची आणि काम सुरू. 150 ते 300 मीटरला 10 दिवसांत परवानगी. लोकांचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. फक्त एवढं समजून घ्या की आधी निदान कागदावर पालिका नकाशा तपासत होती, आता तो भार त्या सही करणाऱ्या माणसावर आलाय. आणि काही ठिकाणी ही सही चहाच्या टपरीवर, प्लॉट न बघता मिळते. हे मी ऐकीव म्हणून सांगत नाहीये, लातूरला घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा.

इतकी घाई कशाला, छोटी तर बिल्डिंग आहे, असं वाटत असेल तर किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. भूकंप साधारण 6.2 रिश्टरचा. जगाच्या हिशोबाने हा फार मोठा नाही. तरी सुमारे 10,000 माणसं गेली आणि लातूर-धाराशिवमधली 52 गावं जवळपास जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना न बांधलेले, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर अंगावर आलं.

आपल्या पिढीला माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. तेव्हाच्या सरकारी भूकंप नकाशात हा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशातला सगळ्यात कमी धोक्याचा. भारतीय मानक 1893 नावाचा कोड 2002 मध्ये सुधारला तेव्हा झोन एक काढूनच टाकला आणि किल्लारी परिसर झोन तीनमध्ये टाकला. 2016 च्या आवृत्तीतही झोन दोनचा गुणांक 0.10 आणि तीनचा 0.16 आहे. बाकी सगळं सारखं असेल तर झोन तीनमधली इमारत 1.6 पट जास्त आडवा जोर धरून डिझाइन करावी लागते. नांदेडकरांनीही हसू नये. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 ला शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 चे धक्के बसले, ते नांदेडमध्येही जाणवले.

नकाशा बदलला म्हणून आपल्या गल्लीतला कॉलम आपोआप बदलत नाही. रेरा नाही, पालिकेची तपासणी हलकी, मग तो बघणार कोण? तुम्हीच. सिव्हिल इंजिनिअर व्हायची गरज नाही, तीन गोष्टी पुरतात.

पहिली, स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. आर्किटेक्टचा रंगीत प्लॅन नाही, सळयांचा. त्यावर कुठला झोन धरलाय ते लिहिलेलं असतं. ड्रॉइंगच नसेल तर तिथेच थांबा, कारण मग सळया मिस्त्रीच्या अंदाजाने पडल्यात.

दुसरी, काम चालू असेल तर कॉलमच्या रिंगा बघा. रिंगचं टोक नुसतं काटकोनात वळवलेलं नको, 135 अंशांत आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेलं हवं. हादरा बसला की काटकोनातली टोकं उघडतात आणि रिंग सुटते. झोन तीनपासून हे बंधनकारक आहे. कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे रिंगा जवळजवळ हव्यात. नेमका तिथेच काम सोपं व्हावं म्हणून त्या विरळ टाकल्या जातात. फोटो काढून ठेवा. एकदा काँक्रीट पडलं की कुणालाच काही दिसत नाही.

तिसरी, खालचं मोकळं पार्किंग. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते कॉलम, अशा कितीतरी इमारती 2001 च्या भूकंपात अहमदाबादमध्ये पडल्या, आणि अहमदाबाद केंद्रबिंदूपासून 200 किलोमीटरच्या पुढे होतं. पार्किंग असावंच, पण त्यासाठी डिझाइनमध्ये काय केलं हे इंजिनिअरला विचारा.

लातूरसाठी एक जास्तीचं. क्लासेसमुळे मुलांच्या रूमना मागणी, म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळया पकडून आणखी एक मजला चढवायचा, मग आणखी एक. तुम्ही शिकायला तिथे राहत असाल तर घरमालकाला एवढं विचारा की मूळ डिझाइन किती मजल्यांचं होतं. राग येईल, येऊ द्या.

त्या श्रोत्याच्या वडिलांसाठी आता कागदांचं. रेरा नसला तरी 1963 चा मोफा कायदा आहे. त्यात करार नोंदवण्याआधी 20 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि ताब्यानंतर 3 वर्षांच्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. तक्रारीसाठी लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 50 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेचा वाद तिथे जातो. पण करारात 5 वर्षांची हमी लिहून मागता येते. आमचं काम पक्कं आहे असं म्हणणाऱ्या बिल्डरला त्यात अडचण नसावी. आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट, पाच गुंठ्यांच्या वर जमीन असूनही कोणी "रेरा लागत नाही" म्हणाला, तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकून बघा. सापडलं नाही तर टोकन देऊ नका.