मुळांची पतपेढी

गॅलरीतली तुळस माना टाकते, तेव्हा आपण उन्हाला बोल लावतो. बोरिवली काय, मुलुंड काय, दोष अनेकदा कुंडीतल्या निर्जीव मातीचा असतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली मूळ आणि बुरशी यांच्या भागीदारीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. बुरशीचे तंतू दूरचे पाणी, स्फुरद आणतात. झाड साखरेच्या रूपाने व्याज देते. पतपेढीच म्हणा ना! मात्र बाजारातली ही पूड वरून भुरभुरून फारसा उपयोग नाही. कुंडी बदलताना ती मुळांना लागली पाहिजे. स्फुरदाचे खत भारंभार घातले, की हा व्यवहार थंडावतो. कोबी-मोहरी तर खातेच उघडत नाहीत.

श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोगांतून स्फूर्ती घेऊन प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर, कँटीनच्याच कचऱ्यातून बाग फुलवली. जिवंत माती ही ठेव आहे. ती दरवर्षी फेकायची नसते, वाढवायची असते.