जुन्या जीपगाडीचा मागील आस : दोष कसे ओळखावेत व दुरुस्ती कशी करावी

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला म्हणजे गाडीवान त्याला वेळीच वंगण घालतो. जीपगाडीचा मागील आस मात्र लोखंडी आवरणात बंद असल्यामुळे त्याची झीज डोळ्यांस दिसत नाही. मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २००० साली बोलेरो गाडी बाजारात आली. ह्या जातीच्या जुन्या गाड्या आजही खेडोपाडी बियाणे, भाजीपाला व माणसे यांची ने-आण करीत आहेत. त्यांच्या आसाची परीक्षा प्रत्येक गाडीमालकास करता आली पाहिजे.

प्रोपेलर शाफ्टमधून येणारी शक्ती पिनियन हे लहान दातेचाक क्राऊन ह्या मोठ्या दातेचाकास देते. तेथून ती डिफरेन्शियलच्या द्वारे डाव्या व उजव्या अर्ध्या आसांकडे जाते. अशा अनेक गाड्यांत चाक अर्ध्या आसावरच बसविलेले असते. त्यामुळे बेअरिंग निकामी झाल्यास अथवा आस मोडल्यास चाक आसासह बाहेर निघण्याचा धोका असतो. गाडीत माणसे बसलेली असता असे घडणे किती भयंकर, हे सांगावयास नको.

आवाजावरून परीक्षा

सपाट रस्त्यावर गाडी चालवून आवाज लक्षपूर्वक ऐकावा. ॲक्सिलरेटर दाबताच किंवा सोडताच आवाज बदलत असेल, तर क्राऊन-पिनियन अथवा पिनियनचे बेअरिंग झिजले आहे असे समजावे. ॲक्सिलरेटरशी संबंध नसलेली, केवळ वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. आवाज फक्त वळणावर येत असल्यास डिफरेन्शियलमधील लहान दातेचाके तपासावीत. गाडी सुटताना 'खट्' असा आवाज होत असेल, तर आस उघडण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहावेत.

प्रत्यक्ष तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांस उटी लावावी. मागील भाग जॅकने उचलून भक्कम घोडीवर टेकवावा; केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नये.

१. ब्रेक-ड्रमच्या आतील बाजूस दाट, उग्र वासाचे तेल दिसल्यास आसाचे ऑईल सील गेले आहे. नवे सील बसविण्यापूर्वी आसावरील हवेचे छिद्र मातीने बुजले नाही ना, हे पाहावे. ते बुजल्यास आतील दाब वाढून नवे सीलही तेल सोडते.

२. चाक हाताने फिरवावे व रिमजवळ खडू स्थिर धरावा. रिमबरोबर ड्रमही डगमगत असल्यास आस वाकला असण्याचा संभव आहे. ड्रम सरळ फिरून रिमच डगमगत असल्यास दोष रिमचा होय.

३. पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. त्यात स्पष्ट फरक आढळल्यास पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला आहे किंवा यू-बोल्ट ढिले झाले आहेत काय, हे प्रथम पाहावे.

४. आसातील तेल काढून पाहावे. बारीक करडा गाळ ही नेहमीची झीज होय. धातूचे कपचे अथवा दातांचे तुकडे धोक्याची खूण होत. तेल दुधाळ असल्यास आत पाणी शिरले आहे. ओढ्यातून गाडी नेल्यावर ही तपासणी अवश्य करावी.

दुरुस्ती

सील व बेअरिंग वेळीच बदलल्यास काम थोडक्यात भागते. तेलाने भिजलेले ब्रेक-लायनर पुसून पुन्हा वापरू नयेत, ते बदलावेत. क्राऊन व पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत, कारण ते एकमेकांशी जुळवूनच तयार केलेले असतात. त्यांच्या दातांतील मोकळीक डायल गेजने मोजून, कंपनीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे शिम घालून बसवावी. हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. वाकलेला अर्धा आस ठोकून सरळ करू नये, तसेच मोडलेला आस वेल्डिंग करून वापरू नये. असा आस भाराखाली पुन्हा मोडतो.

शेवटी पुस्तकात सांगितलेल्या जातीचे तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. मागील दोन्ही टायर एकाच मापाचे ठेवावेत. गाडीवर तिच्या शक्तीबाहेर भार घालू नये. घरघर ऐकू येताच तपासणी करावी. सुगीचा हंगाम संपेपर्यंत ती पुढे ढकलू नये. सीलवर वेळीच केलेला थोडा खर्च संपूर्ण आस वाचवितो आणि गाडीत बसणाऱ्यांचे प्राणही सुरक्षित ठेवतो.