काउंटरची खुर्ची की शाळेची घंटा?

मे महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक भगिनी आमच्यापाशी थांबल्या. वय चौतीस. बारावी पास, एमएस-सीआयटी झालेली. पती रंगकाम करताना पडले, तेव्हापासून घरीच. दोन मुले, धाकटी सहा वर्षांची. गाव पाथर्डी रस्त्यावर, नगरपासून एसटीने पाऊण तास. त्यांना एकाच आठवड्यात दोन कामे चालून आली होती. एक नगरमधल्या खासगी दवाखान्यात रिसेप्शनिस्टचे, दुसरे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लहान वर्गाच्या मदतनीसाचे.

"ताई, नात्यातले म्हणतात दवाखान्यात खुर्ची आहे. शाळेत मावशी म्हणून ठेवतील आणि आडनाव कळलं की हातात झाडू देतील. काय करू?"

आरोग्याच्या पानावर नोकरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात बरीच वर्षे काढली, आता वस्त्यांमध्ये काम करतो. आमच्याकडे पाठदुखी, लघवीची जळजळ, झोप उडणे, वाढलेला बी.पी. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या भगिनींना आम्ही आधी विचारतो, "काम काय करता? किती तास?" अर्धे निदान तिथेच होते. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. ज्या कामाने दुसऱ्याला इजा होत नाही ते काम सम्यक, हे आपण जाणतो. करणारीचे शरीर आणि मान शाबूत राहतो का, हेही त्यातच पाहायला हवे, असे आम्हांला वाटते.

आधी तासांचा हिशेब

दवाखान्याचा पगार नऊ हजार. वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ. शाळेचा पगार सात हजार, वेळ आठ ते दोन. वरवर पाहता दवाखाना दोन हजारांनी पुढे. आम्ही वहीत मांडले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर दवाखान्याचे तास ३१२, म्हणजे तासाला सुमारे २९ रुपये. शाळेचे तास १५६, म्हणजे तासाला सुमारे ४५ रुपये. शिवाय रात्री नऊनंतर त्यांच्या गावाला एसटी नाही, रिक्षाचा खर्च वेगळा. शाळेची दुसरी बाजूही लिहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार मिळणार का, हे कोणी सांगितले नव्हते. दोन महिने बिनपगारी गेले, तर वर्षाचे सत्तरच हजार हातात येतात. दवाखान्यात एक लाख आठ हजार. घरात एकच कमावते माणूस असताना हा फरक लहान नाही.

बारा तास, सहा दिवस म्हणजे आठवड्याला ७२ तास. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच १९४६ मध्ये मांडले. आज दुकाने व आस्थापनांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात दवाखाने आणि रुग्णालयेही येतात. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट मोबदला हे त्यात आहे. अगदी थोडे कर्मचारी असलेल्या लहान दवाखान्यांना यातली बरीच कलमे लागू होत नाहीत, म्हणून किती माणसे कामाला आहेत हे आधी मोजावे. किमान वेतनाचा चालू दर नगरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारता येतो.

काउंटरवरची जोखीम

रिसेप्शनिस्टला रुग्णाला हात लावावा लागत नाही, म्हणून धोका नाही, असा समज आहे. पण खोकणारा माणूस पहिल्यांदा उभा राहतो तो तिच्यासमोर. क्षयरोग हवेतून पसरतो. काउंटरजवळची खिडकी उघडी हवी, आणि खोकणाऱ्याला मास्क देऊन वेगळे बसवण्याची मुभा तिला हवी. तिला स्वतःला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते.

दुसरा धोका सुईचा, आणि इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. आम्ही एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला असताना माणूस कमी होते. काउंटरवरच्या मुलीला आम्हीच म्हणालो, "जरा ट्रे उचल." ट्रेमध्ये उघडी सुई होती, ती तिच्या बोटाला टोचली. आम्ही डेटॉल लावले आणि "काही होत नाही" म्हणालो. पुढे सहा महिने ती मुलगी झोपली नाही. तिचे रिपोर्ट चांगले आले, हे तिचे नशीब, आमचे शहाणपण नव्हे. तेव्हा आम्ही करायला हवे होते ते आता सांगतो. सुई टोचली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात.

हिपॅटायटिस-बी ची लस आधीच घ्यावी. पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. रिसेप्शनिस्टकडून ते काम करून घेतले जात असेल, तर तिलाही लस मागण्याचा हक्क आहे. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे हे तिचे काम नाही. "शिकून घे, उपयोगी पडेल" असे गोड बोलून ते करायला लावतात. चूक झाली की नाव तिचेच पुढे येते.

सोनोग्राफी असलेल्या ठिकाणी आणखी सावध राहावे. गर्भलिंग निदानबंदीचा १९९४ चा कायदा फक्त डॉक्टरला लागू नाही. खूण करून किंवा 'पेढे की बर्फी' म्हणून लिंग सांगणारा कोणीही गुन्हेगार ठरतो. फॉर्मवर दुसऱ्याच्या नावाची सही कधीही करू नये.

मात्र काउंटरची एक ताकदही आहे. गावाकडून आलेल्या माणसाला दारातच कळायला हवे, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कुठल्या रुग्णालयात चालते आणि तिथला आरोग्यमित्र कुठे बसतो. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात, हेही. काउंटरवर बसलेली भगिनी हे सांगू लागली, तर एखाद्या घरावरचे कर्ज टळते. ही खुर्ची आपल्या मुलींनी सोडून द्यावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

शाळेतली जोखीम

मदतनीसाचे काम हलके समजू नये. सहा तास उभे राहणे, मुलांना उचलणे, शी-शू काढणे. मूल उचलताना कमरेतून वाकू नये, गुडघ्यात वाकावे आणि मूल अंगाशी धरावे. दिव्यांग आणि वजनदार मूल असेल तर दोघींनी उचलावे. खरूज, डोळे येणे, कांजिण्या वर्गातून घरी येतात. हात साबणाने धुणे हाच पहिला उपाय. गरोदर भगिनीने रुबेला आणि कांजिण्यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. आणि मुलांना वेळेवर बाथरूमला नेणाऱ्या बाया स्वतः मात्र दुपारपर्यंत लघवी रोखून धरतात, पाणी पीत नाहीत. जळजळीची निम्मी दुखणी इथून येतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यानंतर लहान मुलींसाठी महिला मदतनीस किती गरजेची आहे, हे सगळ्या राज्याला कळले. पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळूनही पोलिसांना न सांगणे हा गुन्हा आहे. "मोठ्या बाईंना सांगितलं होतं" एवढ्यावर सुटका नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक पाठ असावा.

जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवण्याचे काम मिळत असेल, तर तिथे पगार नसून मानधन असते. त्यावर एक घर चालत नाही. मानधन आणि वेतन या दोन शब्दांमधला फरक सही करण्यापूर्वी विचारावा.

आडनावाचा प्रश्न

आता झाडूचे. सफाईचे काम हीन नाही. ते करणाऱ्याला हातमोजे, बूट, लस आणि पुरता पगार मिळालाच पाहिजे. पण मदतनीस म्हणून घेतलेल्या चार जणींपैकी संडास धुण्याचे काम दर वेळी आपल्याच भगिनीच्या वाट्याला येते, तेव्हा त्यामागे जातच असते. दवाखान्यातही तेच दिसते. खुर्ची असते, पण दुपारनंतर "फरशी पण बघून घे" सुरू होते. म्हणून खुर्ची की शाळा, या प्रश्नाआधी आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. काम कागदावर लिहून देतात का?

दोन्ही ठिकाणी मागायच्या गोष्टी सारख्याच आहेत. पदाचे नाव आणि कामांची यादी. तास, साप्ताहिक सुट्टी, सुट्टीतला पगार. दहा किंवा जास्त कर्मचारी आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय. यात कर्मचाऱ्याचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे नऊ हजारांवर ६७ रुपये ५० पैसे, आणि त्यात कुटुंबाचे औषधपाणी होते. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी. पगार बँकेत. आणि छळाची तक्रार कुठे करायची हे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. लहान ठिकाणी काम करणारी भगिनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी.

सावित्रीमाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते याच नगरात, मिस फरार यांच्या संस्थेत. आणि १८९७ मध्ये त्या गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. शाळा आणि दवाखाना, माईंनी दोन्ही मोठे केले. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारशा न शिकलेल्या खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांत दलित बायाही होत्या. काम देणाऱ्याने शिकवले तर बाई कुठवर जाते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणून शेवटचा प्रश्न असा विचारावा: पाच वर्षांनी मी याच जागी असेन, की एक पायरी वर?

शेवटी काय झाले

त्या भगिनी दोन्हीकडे गेल्या, आम्ही सोबत गेलो. दवाखान्यात तासांचा कागद मागितला, तर "इथं तसं चालत नाही" असे उत्तर आले. शाळेने पत्र दिले, पण शेवटी ओळ होती, 'सांगतील ती इतर कामे'. भगिनींनी पत्र परत पुढे केले.

"मॅडम, इतर म्हणजे कोणती, तेवढं लिहून द्या."

मॅडम थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग लिहिले: वर्गात मदत, मुलांना स्वच्छतागृहात नेणे-आणणे, डबा भरवणे. सफाईसाठी स्वतंत्र कर्मचारी. सुट्टीत अर्धा पगार.

जूनपासून त्या शाळेत आहेत. पैसे कमी पडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. दुपारनंतर घरी शिवणकाम करतात. पती आता स्वयंपाक पाहतात. मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अर्ज त्यांनी भरला आहे, पुढे विशेष मुलांच्या शिक्षणाची पदविका करायचा विचार आहे. त्यांच्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका मुलीने दुसऱ्या दवाखान्यात रिसेप्शन घेतले. तिच्याकडेही पत्र आहे, आठ तासांची वेळ आहे, आणि हिपॅटायटिसचा दुसरा डोस झाला आहे. दोघींचाही निर्णय बरोबर, असे आम्ही मानतो.

ज्यांच्यापुढे असा प्रश्न असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर वही-पेन घेऊन विहारात यावे. हिशेब एकत्र मांडू. कागद मागायला एकटीने जायची गरज नाही.

जयभीम.