बोगद्याआधी गावाशी बोलणारा माणूस

आपल्या होस्टेलवर करिअरचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टेशनांवरच थांबते. आयटी, गेट, एमबीए, आणि केटी जास्त असतील तर एमपीएससी! त्या यादीत नसलेल्या एका कामाबद्दल लिहितो. जाहिरातीत त्याला कम्युनिटी लायझन, पब्लिक अफेअर्स, सोशल सेफगार्ड कन्सल्टंट अशी भारदस्त नावं असतात. सरळ मराठीत सांगायचं तर प्रकल्पवाले आणि गाववाले यांच्यामध्ये उभा राहून दोघांना एकमेकांचं म्हणणं कळेल असं सांगणारा माणूस.

अमेरिकेत हा रीतसर पेशा आहे. तिथे स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवणाऱ्यांची संख्या २०२० च्या जनगणनेत सहा कोटींच्या वर गेली, आणि त्यातल्या अनेकांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा वस्त्यांत मतपत्रिकाही त्यांच्या भाषेत देणं बंधनकारक झालं. साहजिकच नगरपालिका, दवाखाने, वीज कंपन्या या सगळ्यांना त्या वस्तीची भाषा आणि रीतभात जाणणारी माणसं लागतात. आपल्याकडे हेच काम आहे, पण ते बहुधा साइटवरच्या एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरच्या गळ्यात पडतं. "तू इकडचाच ना? मग जा, बोलून ये."

आमच्या कशेडीचंच घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडलं की कशेडी घाट लागतो आणि घाट उतरलात की रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. हा घाट टाळण्यासाठी सुमारे दोन किलोमीटरचे जोडबोगदे काढले. त्यातला एक २०२३ च्या गणपतीत लहान गाड्यांसाठी उघडला. खडक कसा फोडला, शॉटक्रीट कसं मारलं, हे सिव्हिलवाले तुम्हाला सांगतील. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, म्हणजे जमिनीचं.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा आहे. त्याच्या ३-अ कलमाखाली जमीन घेण्याची अधिसूचना निघते, दोन वर्तमानपत्रांत नोटीस येते (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं), आणि हरकतीला मिळतात २१ दिवस. कागदावर हे ठीक दिसतं. आता कोकणातला सातबारा उघडा. पाच गुंठ्यांच्या तुकड्यावर पंधरा नावं. त्यात आजोबा कधीच वारलेले, वारसनोंद झालेली नाही, एक काका विरारला, एक नालासोपाऱ्याला, आत्यांची नावं कुणी घातलीच नाहीत. गावात फक्त आजी, आणि नोटिशीतलं 'हितसंबंधित व्यक्ती' म्हणजे आपणच, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मोबदल्याचा दर पुढची गोष्ट, पैसे कुणाच्या खात्यावर जमा करायचे इथेच घोडं अडतं. तलाठ्याकडे फेरफार कसा टाकायचा, दर मान्य नसेल तर लवादाकडे कसं जायचं, हे सांगणारा माणूस पहिल्याच आठवड्यात वाडीवर पोचला तर त्या घराची दहा वर्षं वाचतात. रस्त्याचीही वाचतात.

शिवाय ज्याची जमीन जात नाही पण गिऱ्हाईक जातं, त्याचं काय? बोगद्यातून गेलेली गाडी घाटातल्या टपरीवर चहाला थांबत नाही. संपादनाच्या नकाशात जमिनीच्या तुकड्यांचे नंबर असतात, टपऱ्यांच्या रोजच्या गल्ल्याला त्यात रकाना नाही. ही यादी करायची तर गावात फिरूनच करावी लागते.

दुसरं क्षेत्र जनसुनावणीचं. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे खाण, धरण किंवा मोठा कारखाना यायचा तर बहुतेक वेळा जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीसमोर सुनावणी होते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. पण मराठी सारांश कसा असतो ते एकदा वाचा, डिक्शनरी हातात घेऊन वाचावा लागतो! २०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, असा आदेश काढावा लागला होता.

भाषेचा प्रश्न जिवावर कसा येतो ते महाड-पोलादपूरकरांना सांगायला नको. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. 'स्लोप स्टॅबिलिटी' हा शब्द वाडीवर काही कामाचा नाही. जमिनीला भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं की घर सोडा, हे त्यांच्या बोलीत, पावसाआधी, त्यांच्या अंगणात बसून सांगावं लागतं. आणि गुरं कुठे बांधायची या प्रश्नालाही उत्तर द्यावं लागतं, नाहीतर कुणी हलत नाही.

कंपन्यांना हे काम नको असलं तरी टाळता येत नाही. मुंबईच्या नागरी परिवहन प्रकल्पात पुनर्वसनाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा मार्च २००६ मध्ये जागतिक बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखले होते. त्यामुळे अशा कर्जाच्या प्रकल्पांत समाजविषयक तज्ज्ञ लागतोच. पर्यावरण सल्लागार संस्थांच्या 'नॅबेट' मान्यतेतही सामाजिक-आर्थिक तज्ज्ञ ही स्वतंत्र जागा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, तिथेही माणसं लागतात. शिक्षण हवं असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आहेच.

एक धोका मात्र आहे. पगार देणार कंपनी आणि विश्वास ठेवणार गाव. गावाला गप्प बसवण्यासाठी तुमची बोली वापरली जाऊ शकते. म्हणून माझं मत असं, की सभेत साहेबांनी जे कबूल केलं ते त्याच दिवशी मराठीत लिहून ग्रामपंचायतीला प्रत द्यायची. साहेबाची बदली होते, तुमचं घर तिथेच असतं.

ज्यांना आवड आहे त्यांनी सुट्टीत घरचा सातबारा आणि आठ-अ काढावा आणि त्यावरचं प्रत्येक नाव आज कुठे राहतं ते लिहून काढावं. एक दिवस पुरत नाही, अनुभवाने सांगतो.