एक एरियल कां पुरत नाहीं ?



मोबाईल फोनवर बोलतां बोलतां पलीकडील माणसाचा आवाज एकाएकीं तुटतो; आपण चार पावलें सरकतों, आणि तोच आवाज पुन्हा स्वच्छ ऐकूं येऊं लागतो. हा अनुभव आतां घरोघरचा झाला आहे. मनोरा होता तेथेंच आहे, त्याची शक्तीहि तीच आहे. मग चार पावलांनीं असें काय बदललें? याचें उत्तर कळलें, म्हणजे मनोऱ्यांवर एका एरियलच्या जागीं अनेक एरियली कां बसवितात, हें समजण्यास वेळ लागत नाहीं. एरियल म्हणजे बिनतारी लहरी सोडणारी वा झेलणारी तार अथवा कांब. हल्लीं तिला अँटेना म्हणतात. मी आपलें जुनेंच नांव घेतों.

शांत तळ्यांत दोन खडे एकदम टाकून पहावे. दोहोंकडून निघालेल्या लाटा जेथें मिळतात, तेथें कांहीं जागीं पाणी दुप्पट उचलतें. आणि कांहीं जागीं एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडून तें जवळ जवळ स्तब्ध राहतें. बिनतारी लहरींचेंहि असेंच आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर आपल्याकडे एकाच वाटेनें येत नाहीं. एक सरळ येते, दुसरी समोरच्या इमारतीवर आपटून येते, तिसरी पत्र्याच्या छपरावरून परतून येते. त्या जेथें एकमेकींस पूरक होतात तेथें आवाज खणखणीत. जेथें मारक होतात तेथें तो बुडाला. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर असते, आणि अशा बुडत्या जागा एकमेकींपासून अर्ध्या लहरीच्या, म्हणजे वीतभराहूनहि कमी, अंतरावर असूं शकतात. चार पावलें कशाला, कित्येकदां फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला लावला तरी पुरतें !

येथेंच पहिली युक्ति सुचते. दोन एरियली कांहीं अंतरावर ठेवल्या, तर दोन्ही एकाच क्षणीं बुडत्या जागीं सांपडण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. समजा, एकीस दहांत एकदां दगा होतो. दोघींचे दगे परस्परांशीं निगडित नसले, तर दोघींना एकदम दगा शंभरांत एकदांच होईल. अमेरिकेंतील बेव्हरेज व पीटरसन या इंजिनियरांनीं दूरदेशींचे संदेश ऐकण्याची अशी व्यवस्था १९३१ सालीं प्रसिद्ध केली होती.

परंतु दोहोंतून एक निवडण्यापेक्षां सर्वांची बेरीज करणें अधिक फायद्याचें. रथाचा दोर ओढणारे जो तो आपापल्या मर्जीनें हिसके देऊं लागले, तर रथ जागचा हलत नाहीं. एका आरोळीसरशीं ओढूं लागले, म्हणजे चालूं लागतो. चार एरियलींवर आलेला संदेश, कोणाचा किंचित उशिरा तर कोणाचा लौकर आलेला, असा जुळवून घेऊन एकत्र केला, तर त्याचा जोर चौपट होतो. प्रत्येक यंत्राची स्वतःची खरखरहि त्यांत मिळते खरी. पण चौघांची खरखर ताल धरीत नसल्यामुळें ती चौपट न होतां दुप्पटच होते. सोळा एरियली घेतल्या, तर संदेश सोळापट आणि खरखर चौपट. गणिताच्या तासाला वर्गमूळ कशाला शिकावयाचें, असें विचारणाऱ्या मुलांस हें उदाहरण अवश्य सांगावें.

हीच बेरीज संदेश पाठवितांनाहि करतां येते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनीं १९०५ सालीं त्रिकोणांत उभ्या केलेल्या तीन एरियलींतील लहरी मागेंपुढें करून त्यांचा रोख एका बाजूस वळवून दाखविला. त्यानंतरचें मोठें उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान ‘बीम’ पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली, तिचें संदेश पाठविण्याचें केंद्र खडकीस व घेण्याचें केंद्र दौंडास होतें. उंच खांबांवरून सोडलेल्या उभ्या तारांचा जणूं पडदा, आणि त्यामागें लहरी परतविणाऱ्या तारांचा दुसरा. त्यामुळें शक्ति चहूंकडे न उधळतां इंग्लंडच्याच रोखानें जाई. अशा बीम सेवा इतक्या स्वस्त पडल्या, कीं समुद्रतळींच्या तारांचा धंदा करणाऱ्या कंपन्या हवालदिल झाल्या, आणि अखेर १९२९ सालीं ब्रिटिश साम्राज्यांतील तारांचा व बिनताराचा धंदा एकत्र करावा लागला.

दौंडच्या तारांचा रोख एकदां ठरला तो ठरला. आजच्या मनोऱ्यावरील पेटींत मात्र कांहींहि न हालवितां रोख क्षणोक्षणीं बदलतो. भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या फाइव्ह-जी सेवेंत ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी अवघी साडेआठ सेंटिमीटर. म्हणून एका पेटींत शंभराहून अधिक एरियली मावूं शकतात. आपला फोन एक ठराविक खूण पाठवितो. ती कोणत्या एरियलवर किती मागेंपुढें आली हें यंत्र मोजतें, आणि त्याच हिशेबानें उत्तर धाडतें. त्यामुळें एकाच लहरीवर एकाच वेळीं अनेकांशीं निरनिराळें बोलतां येतें.

येथें एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. ही सारी बेरीज आहे, आणि शून्यांची बेरीज शून्यच. २०२० सालीं शाळा बंद असतां डोंगराळ वाड्यांवरील मुलें धड्यांसाठीं माथ्यावर चढून बसत. त्यांच्या घरीं लहर पोहोंचतच नव्हती. तेथें शहरांतील पेटींत कितीहि एरियली वाढवा, उपयोग नाहीं. डोंगराच्या अलीकडे साधा कां होईना, एक मनोरा हवा. आजारी माणसासाठीं रात्रीं गाडी बोलावणाऱ्याचा जीव त्या एका मनोऱ्यांत अडकलेला असतो.

जेथें माथ्यावर किंवा छपरावर थोडी तरी लहर मिळते, तेथें गोष्ट निराळी. टेलिव्हिजनसाठीं घरांवर असे तो कमीअधिक लांबीच्या कांबांचा सांगाडा आठवा. तोहि एरियलींचा समूहच. १९२६ सालीं जपानांतील सेंदाई येथें उदा व यागी यांनीं तो पुढें आणला. मोबाईलच्या लहरीस जुळणारा तसा सांगाडा, बाहेरची एरियल जोडण्याची सोय असलेल्या इंटरनेटच्या पेटीस लावावा, आणि मनोऱ्याकडे रोख धरून हळूहळू फिरवीत आवाज जेथें सर्वांत स्वच्छ तेथें घट्ट बसवावा. बाजारांत मिळणारें लहर वाढविण्याचें यंत्र मात्र परवान्यावांचून लावूं नये. तें बेकायदेशीर आहे, आणि त्यानें शेजाऱ्यांचे फोन बिघडतात.